स्थौल्यचिकित्सा : मेद घटावा, मांस राखावे

"वजन कमी करण्याचे काहीतरी द्या" ही मागणी आता आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांच्या गल्ल्यावर नित्याची झाली आहे. मागणारा मुदतही स्वतःच ठरवून आलेला असतो. घरात लग्न आहे, महिनाभरात आठ किलो उतरले पाहिजेत. परंतु शरीरातून नेमके काय उतरवायचे आहे, हा प्रश्न तो विचारीत नाही आणि गर्दीच्या वेळी आपल्याकडूनही तो विचारला जात नाही. अंगातील पाणी गेले तरी काटा खाली येतो, मांसधातू झिजला तरी येतो आणि मेद घटला तरीही येतो. काट्याला हे तिन्ही सारखेच. वैद्याला मात्र यांतील एकच इष्ट आहे. आहार आणि व्यायाम यांची योजना करताना हा भेद सतत डोळ्यांसमोर ठेवला, तर मुदत किती असावी, भोजन किती वेळा करावे, कोणते औषध द्यावे वा नाकारावे, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात नवी मुंबई परिसरातील रुग्ण समोर ठेवून त्याच दृष्टीने विचार केला आहे.

स्थूल कोणास म्हणावे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय, अष्टौनिन्दितीय, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. त्यात अतिस्थूलाचे लक्षण सांगताना वजनाचा उल्लेख नाही. मेद व मांस यांच्या अतिवृद्धीमुळे नितंब, उदर व स्तन हलतात आणि शरीराच्या वाढीच्या मानाने उत्साह नसतो, अशा पुरुषास तेथे अतिस्थूल म्हटले आहे. अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले आहेत त्यांत दौर्बल्य आहे आणि त्याचे कारण धातूंचे असमत्व असे दिले आहे. मेदस्वी मनुष्यात मेदाचाच उपचय होतो, इतर धातूंचा तसा होत नाही, हे त्यामागील तत्त्व. म्हणजे आपल्यासमोर बसलेला पंच्याऐंशी किलोंचा रुग्ण हा धातुदृष्ट्या एकाच वेळी संपन्न आणि दरिद्री असतो. त्याला सरसकट उपाशी ठेवले तर जो धातू आधीच दरिद्री आहे तोही झिजतो.

हाच विचार पुण्याच्या संशोधनातून वेगळ्या मार्गाने पुढे आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचाही देहभारांक, म्हणजे बीएमआय, २२.३ इतकाच होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. बाहेरून सडपातळ आणि आतून मेदस्वी अशी ही भारतीय देहयष्टी. म्हणूनच आपल्याकडे देहभारांक २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरण्याचा प्रघात पडला आहे. पाश्चात्त्यांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

आमचा आग्रह असा, की प्रत्येक चिकित्सालयात वजनकाट्याशेजारी शिंप्याची टेप असावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असेल, तर वजन काहीही असो, मेद उदरात साठला आहे असे समजावे. याबरोबर बलपरीक्षाही व्हावी. व्यायामशक्तीवरून बल जाणावे हे चरकांनी विमानस्थानात सांगितलेच आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात रुग्ण खुर्चीवरून किती वेळा उठून उभा राहतो, हे मोजून लिहून ठेवावे. पुढच्या भेटीत वजन आणि घेर घटला, पण उठण्याची संख्याही घटली, तर चिकित्सा चुकीच्या दिशेने चालली आहे.

आपल्या परिसरातील हेतू

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. त्यापूर्वी येथील आगरी व कोळी समाज भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगत होता. मिठागरात उन्हात उभे राहून मीठ ओढणे, चिखलात लावणी करणे, पाण्यात जाळे टाकणे हा ज्यांचा दिवस, त्यांच्या ताटात तांदळाची भाकरी, भात, मासळी, सुकट असे. त्या आहारास आज कोणी दोष दिला तर ते अन्यायाचे होईल. दिवाळे, सारसोळे अशा काही गावांत मासेमारी अजून टिकून आहे. पण बहुतेक घरांतून शेत गेले, मिठागर गेले, घरभाडे किंवा नोकरी आली. ताट मात्र तेच राहिले, किंबहुना त्यात हळदी-लग्नांच्या पंक्तींची आणि तळणीची भर पडली. हेतू आहारात शोधताना विहारातील हा बदल सुटता कामा नये. या रुग्णाला "भात बंद" असे सांगून वैद्य मोकळा झाला, तर रुग्ण दुसऱ्या वेळी येत नाही, असा अनुभव आहे. भाकरी तीच, पण तीनऐवजी दीड; मासळी तळलेली नव्हे, कालवणातील; आणि हिरव्या भाजीची एक वाटी वाढवून, असे सांगितले तर तो ऐकतो.

दुसरा गट नोकरदारांचा. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, नेरूळ येथे राहून महापे व तुर्भे पट्ट्यात संगणकासमोर बसणारे, किंवा हार्बर मार्गाने मुंबईस जाणारे. सकाळी न खाता निघणे, दुपारी घाईचे भोजन, सायंकाळी स्थानकाबाहेर वडापाव वा शेवपुरी, आणि रात्री दहानंतर दिवसातील सर्वांत मोठे जेवण, असा हा क्रम. संतर्पण म्हटले की श्रीखंड-पुरीच डोळ्यांसमोर आणण्याची आपली सवय सोडावी लागेल. गुरु, मधुर, शीत, स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वाप, सुखासीन आसन व शय्या हे सगळे हेतू चारचाकी, उद्वाहन, गादीची खुर्ची आणि मोबाइलवरून दारात येणाऱ्या जेवणात एकवटले आहेत. अचिन्तन हा एक हेतू चरकांनी सांगितला आहे. या गटास चिंतेची कमतरता नाही, तरी मेद वाढतोच, यावर अभ्यासूंनी विचार करावा.

या हेतूंत बीजस्वभावही आहे. तो आपल्या हाती नाही आणि रुग्णाच्याही नाही. स्थूल मनुष्यास आळशी किंवा खादाड म्हणून हिणवण्याचा अधिकार शास्त्राने वैद्यास दिलेला नाही.

भूक अधिक का लागते

स्थूल रुग्ण "मी फारसे खात नाही" म्हणतो आणि घरचे लोक नेमके उलट सांगतात. संप्राप्ती पाहिली तर दोघांचेही म्हणणे समजते. मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे वायू कोष्ठात विशेषेकरून संचार करतो, अग्नीस प्रदीप्त करतो, आहार शीघ्र जिरतो आणि पुन्हा खाण्याची इच्छा होते. वेळ टळली तर वायू व अग्नी मिळून घोर विकार उत्पन्न करतात. म्हणून या रुग्णास दीर्घ उपाशी ठेवणे हे त्याच्या संप्राप्तीच्या विरुद्ध जाते. त्यास चक्कर, चिडचिड, आम्लपित्त होते आणि चौथ्या दिवशी तो दुप्पट खातो.

चरकांनी यावर जो तोडगा काढला तो चिकित्साशास्त्रातील एक सुंदर युक्ती आहे: आहार गुरु असावा आणि तरीही अपतर्पण करणारा असावा. जड, म्हणजे पोटात रेंगाळणारा, अग्नीस काम देणारा. पण पोषणाने हलका. जव, सावा, कोद्रा, जूर्णाह्व म्हणजे टीकाकारांच्या मते ज्वारी, मूग, कुळीथ, तूर, पडवळ, आवळा, आणि अनुपानास मधूदक, ही त्या अध्यायातील सामग्री. तीत शिंबीधान्यांचे स्थान ठळक आहे. तंतुमय भरड धान्य, डाळी-कडधान्ये आणि भाज्या यांनी भूक दीर्घकाळ शमते, हे आधुनिक आहारशास्त्रही मान्य करते.

दोन वेळा की दर दोन तासांनी

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी एक वाद रंगला आणि त्याचे पडसाद आजही आपल्या चिकित्सालयात उमटतात. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत, भूक लागेल तेव्हा जेवावे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, अशी योजना मांडली. दुसऱ्या बाजूस मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकापासून दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा आणि आपल्या प्रांताचे पारंपरिक अन्न सोडू नये याचा आग्रह धरला. रुग्ण आपल्याला विचारतात, "वैद्यराज, दीक्षित की दिवेकर?"

आयुर्वेद या दोहोंपैकी एकाची बाजू घेतो असे म्हणणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे नव्हे. पूर्वीचा आहार जीर्ण झाल्यावरच खावे आणि मात्रेने खावे, हे दोन नियम शास्त्राने दिले. वेळांची संख्या अग्नीवर सोडली. मंदाग्नीच्या कफप्रधान रुग्णास, ज्याला खरी भूक दुपारी एकपर्यंत लागतच नाही, त्याला दर दोन तासांनी खायला लावणे म्हणजे अजीर्णावर अन्न ढकलणे. त्यास दोन वेळांचे भोजन मानवते. याउलट तीक्ष्णाग्नीचा, वातपित्तप्रधान, उपाशी राहिल्यास डोके दुखणारा रुग्ण दोन वेळांच्या नियमात टिकत नाही आणि ५५ मिनिटांच्या मुभेचा अर्थ "हवे तितके" असा घेतो. त्यास तीन वेळांचे मात्राबद्ध भोजन आणि मध्ये एखादे फळ किंवा पातळ ताक पुरते.

दोन्ही पद्धतींनी ज्यांचे वजन घटले त्यांच्यात साम्य कोणते, हे पाहणे अधिक उपयोगाचे. बिस्किटे, फरसाण, साखरेचा चहा, मध्येच तोंडात टाकले जाणारे काहीबाही हे दोहोंतही सुटते. भोजनाकडे लक्ष जाते. चालणे सुरू होते. वादात न पडता वैद्याने हे तीन लाभ पदरात पाडून घ्यावेत.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. डॉ. दीक्षित आरंभापूर्वी एचबीए१सी व उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासण्याचा आग्रह धरतात. रुग्ण मात्र शेजाऱ्याकडून ऐकून थेट भोजन तोडतो. तो मधुमेही असेल आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर भोजन वगळल्यास रक्तशर्करा एकाएकी उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्या घेणाऱ्यास दीर्घ उपवासात कीटोॲसिडोसिससारखा प्राणघातक उपद्रव संभवतो. भोजनाच्या वेळा बदलण्यापूर्वी त्याच्या वैद्यकीय सल्लागाराशी बोलून गोळ्यांची मात्रा ठरवून घेणे हे येथे पहिले पथ्य आहे.

स्वयंपाकघरातील मोजदाद

रुग्णास उष्मांकांचे कोष्टक दिले तर ते घरातील शीतकपाटाच्या दारावर चिकटते आणि तेथेच राहते. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत.

पहिला: महिन्याला घरात तेल किती लिटर येते व माणसे किती? चौघांच्या घरात सहा लिटर तेल येत असेल तर प्रत्येकाच्या वाट्यास रोज सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे ४१० च्या आसपास उष्मांक नुसत्या तेलातून जातात. ते चार लिटरवर आणले की प्रत्येकाचे रोजचे सुमारे १४० उष्मांक कमी होतात, आणि ताटातील एकही पदार्थ वगळावा लागत नाही. हे गृहिणीशी बोलण्याचे काम आहे, रुग्णाशी नव्हे. शक्य असेल तेव्हा दोघांना एकत्र बोलवावे. दुसरा प्रश्न: चहा किती कप व साखर किती चमचे? चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, १६० उष्मांक. या दोन उत्तरांतच रोजचे तीनशे उष्मांक सापडतात.

किती घटवावे, याचे प्रमाण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहारविषयक मार्गदर्शिकेत दिले आहे. आठवड्यास अर्धा किलो हा सुरक्षित वेग, आणि दिवसाचा आहार हजार उष्मांकांखाली नेऊ नये. एक किलो मेदात साधारण ७७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे रोजचे पाचशे उष्मांक आहार व व्यायाम मिळून कमी झाले की आठवड्यास अर्धा किलो मेद घटतो. "आठवड्यात पाच किलो" अशी जाहिरात करणारा मेद घटवीत नसतो, कारण हिशेबच जुळत नाही. शोधनकर्मानंतर दोन-तीन दिवसांत जे वजन उतरलेले दिसते तेही मुख्यत्वे जलांश व मलांश असतो. त्याचे श्रेय मेदःक्षयास देऊ नये. शोधनाचे प्रयोजन वेगळे आहे.

ज्वारीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्या शंभर ग्रॅम कोरड्या धान्यातील उष्मांक ३२० ते ३६० च्या दरम्यानच असतात. तेव्हा चार पोळ्यांऐवजी चार भाकऱ्या खाऊन मेद घटत नाही. ज्वारीचा वा नाचणीचा लाभ हा, की दोन भाकऱ्यांत पोट भरते. ताटाचा अर्धा भाग शिजलेल्या भाजीने व कोशिंबिरीने, पाव भाग धान्याने आणि उरलेला पाव भाग डाळ, उसळ, मासळी, अंडे वा दह्याने व्यापावा. हा शेवटचा पाव भाग मांसधातूचे रक्षण करतो आणि आपल्या शाकाहारी घरांत नेमका तोच पातळ आमटीच्या रूपाने नाममात्र उरतो. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रतिकिलो ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. एक घट्ट वाटीभर उसळ किंवा कुळथाचे दाट पिठले रोजच्या जेवणात असलेच पाहिजे. वजन घटवणाऱ्याने प्रथम वरण सोडावे आणि भात ठेवावा, हा उलटा प्रकार आम्ही वारंवार पाहतो.

व्यायाम

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा नियम आपणास पाठ आहे. कपाळ, नाक, काखा येथे घाम येणे, श्वास तोंडावाटे येऊ लागणे, तोंडास कोरड पडणे ही त्याची मर्यादा. व्यवहारात रुग्णास इतकेच सांगावे, की चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर म्हणजे ताशी सहा किलोमीटरचा वेग होतो. तो निरोगी तरुणास ठीक. नव्वद किलो वजनाच्या, गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीच्या स्त्रीस तो पूर्णशक्तीच्याही पलीकडचा आहे. तिने दहा-दहा मिनिटे दिवसातून दोनदा चालण्यापासून आरंभ करावा आणि दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावीत. स्थूलास व्यायाम, जागरण, चिंतन हे क्रमाक्रमाने वाढवीत न्यावेत, असे चरकांनीच सांगितले आहे. अतिव्यायामाने श्रम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, कास, ज्वर यांची यादीही त्यांनीच दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे प्रमाण आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाचे आहे. ते गाठण्यास तीन महिने लागले तरी हरकत नाही.

नवी मुंबईकरास जागेची सबब नाही. वाशीचा सागरकिनारा, नेरूळचा तलावाकाठचा मार्ग, बेलापूरची पारसिक टेकडी, खारघरचे सेंट्रल पार्क येथे पहाटे माणसे असतातच. अडचण आहे ती ऋतूची. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चालणे थांबते आणि दिवाळीपर्यंत सुरू होत नाही. चार महिन्यांत कमावलेले जाते. वर्षा ऋतूत बल व अग्नी दोन्ही हीन असतात, म्हणून व्यायामाची मात्रा कमी करणे शास्त्रोक्त आहे, पण बंद करणे नव्हे. इमारतीचा जिना, घरातील सूर्यनमस्कार, जागच्या जागी पावले टाकणे हे त्या काळासाठी आधीच ठरवून द्यावे. आपल्या दमट हवेत उन्हाळ्यात घाम सुकत नाही; तेव्हाही मात्रा कमी आणि वेळ पहाटेची.

केवळ चालण्याने मांसधातूचे रक्षण पुरेसे होत नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंवर भार येईल असे काही हवे: बैठका, भिंतीस हात टेकवून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. आखाड्यातील परंपरा असलेल्या आपल्या प्रांतात हे नव्याने शिकवावे लागते याचे आश्चर्य वाटते. रूक्ष उद्वर्तन मेदाचे विलयन करणारे म्हटले आहे. ते व्यायामास जोड म्हणून उत्तम, पर्याय म्हणून नव्हे.

निद्रा

एकविसाव्या अध्यायात स्थूलास प्रजागर सांगितला आहे, म्हणून रात्रपाळी करणारा रुग्ण बारीक व्हायला हवा होता. तसे दिसत नाही. कारण तो रात्री जागतो आणि सकाळी घरी येऊन पोटभर खाऊन दुपारपर्यंत झोपतो. आणि त्याच अध्यायात मेदस्वी मनुष्यास दिवास्वाप निषिद्ध आहे. प्रजागर हा अतिनिद्रा घेणाऱ्यास आहे, पाच तासही झोप न मिळणाऱ्यास नव्हे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते हे आता प्रयोगांनीही दिसून आले आहे. रात्री जागरण झाल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, न जेवता झोपावे, असा वाग्भटांचा निर्देश आहे. महाप्याच्या पाळीवरून परतणाऱ्यास तो जसाच्या तसा लागू पडतो: घरी आल्यावर आधी झोप, मग भोजन.

औषधे आणि औषधविक्रेते

नवक गुग्गुळ, त्रिफळा, शिलाजतु, विडंगादि लोह, वरुणादि क्वाथ यांचे गुणवर्णन येथे करीत नाही. ते वाचकांस ज्ञात आहे. काही गोष्टी मात्र औषधालयांच्या चालकांसमोर मांडावयाच्या आहेत. नवा गुग्गुळ बृंहण व जुना अतिलेखन, असा भेद भावप्रकाशात आहे. आपण खरेदी करतो त्या गुग्गुळाचे वय कोणी विचारते का? बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ च्या आपल्या प्रबंधात सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या सूत्रावरून गुग्गुळाचा अभ्यास केला आणि जगाचे लक्ष वेधले. तर २००३ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने अपायकारक कोलेस्टेरॉल किंचित वाढले व काहींना पुरळ उठला. पथ्याशिवाय, संप्राप्ती न पाहता, अर्क म्हणून दिलेले द्रव्य गुग्गुळकल्पाच्या तोडीचे नाही, असे आम्ही म्हणू शकतो. पण पुरळाची नोंद आपणही ठेवली पाहिजे. गुग्गुळामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल यांचे शोषण घटते असे १९९४ च्या एका भारतीय अभ्यासात दिसले आहे. हृद्रोगी ग्राहकास विनाविचार गुग्गुळ देऊ नये.

सकाळी उकळत्या पाण्यात मध व लिंबू, ही घरोघरची प्रथा. मधाचा उष्णाशी विरोध आपण जाणतो. पाणी कोमट होऊन थंडावल्यावर मध घालण्यास सांगावे, आणि दोन चमचे मधाचेही उष्मांक मोजावेत.

अधिक गंभीर बाब भेसळीची. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे द्रव्य हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवते असे आढळल्याने २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत मागे घेतले गेले आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. तरीही वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल व चहांत ते सापडल्याच्या नोंदी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुन्हा पुन्हा प्रसिद्ध केल्या आहेत. ज्या चूर्णाने दोन दिवसांत भूक नाहीशी होते, तोंड कोरडे पडते, छाती धडधडते व झोप उडते, ते चूर्ण निव्वळ त्रिफळा-विडंगाचे असणे शक्य नाही. बिल व परवाना क्रमांक नसलेला, "हमखास" म्हणून येणारा माल फळीवर ठेवू नये. तो विकणाऱ्यामुळे सर्व आयुर्वेदावर डाग येतो. गार्सिनियाच्या अर्काने यकृतास इजा झाल्याची प्रकरणेही नोंदली गेली आहेत. आपले कोकमाचे सार हे अन्न आहे. त्यास घाबरण्याचे कारण नाही. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश आहे. "वजन हमखास घटवा" असा फलक दुकानावर लावण्यापूर्वी हे ध्यानी असावे.

२०२५ पासून टिर्झेपेटाइड व सेमाग्लुटाइड ही आठवड्यास एकदा घ्यावयाची इंजेक्शने स्थूलतेसाठी भारतात उपलब्ध झाली आहेत. ती घेणारा रुग्ण आपल्याकडे मलावष्टंभ वा उत्क्लेशासाठी येतो आणि इंजेक्शनाचा उल्लेख टाळतो. विचारावे लागते. त्याची भूक आधीच मंद असते आणि घटणाऱ्या वजनात मांसाचाही वाटा असतो. त्यास वरून लंघन किंवा तीव्र विरेचन देणे अयोग्य. येथे वैद्याचे काम मांसरक्षणाचे: पुरेसे मुद्ग-कुलत्थ, भार देणारा व्यायाम, आणि इंजेक्शन थांबल्यावर वजन परत येऊ नये म्हणून आहाराची घडी बसवणे.

कोणास थांबवावे

गर्भिणी, स्तन्यदा माता, वाढीच्या वयातील मुले आणि सत्तरीच्या पुढील कृश होत चाललेले वृद्ध यांना वजन घटवण्याची योजना देऊ नये. अल्पकाळात वाढलेले वजन, पायांवर शोथ, थंडी न सोसणे, मासिक पाळीतील बिघाड, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याचा इतिहास असेल, तर थायरॉइड व अन्य तपासण्या प्रथम कराव्यात. शोथास मेद समजून लेखन देणे घातक ठरेल. वजन झपाट्याने घटल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो; उजव्या कुशीत शूल असल्यास त्वरित तपासणीस पाठवावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णात वजन घटू लागले, की उभे राहताना चक्कर येते का, हे दर भेटीस विचारावे.

मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट सहा महिन्यांत झाली तरी रक्तदाब व रक्तशर्करा यांत लाभ दिसतो, एवढे रुग्णास आरंभीच सांगितले तर महिन्यात आठ किलोंचा हट्ट बहुधा सुटतो. लग्नाची तारीख सांगणाऱ्यास आम्ही सदरा एक माप मोठा शिवून घेण्यास सुचवितो. नोंदवहीत प्रत्येक भेटीस चार गोष्टी लिहाव्यात: वजन, कमरेचा घेर, अर्ध्या मिनिटातील उठबस, आणि क्षुधा-निद्रा-मल यांची स्थिती. पंधरा दिवसांतून एकदा बोलावणे पुरे. दोन भेटींत घेर न घटता केवळ वजन घटले, तर आहारातील डाळ-उसळ वाढवावी व लंघन थांबवावे. घेर घटला आणि वजन स्थिर राहिले, तर औषध बदलण्याची घाई करू नये.